सॅम शेपर्ड: सिनेमाने नाटककार गिळला का?

विंगेतून

अमेरिकन नाटककार आणि नट सॅम शेपर्डची नाटकं क्रमाने वाचायला घेतली की मी दर वेळी १९८५ला अडखळतो. म्हणून हा धागा.

ज्यांनी त्याला फक्त पडद्यावर पाहिलं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९४३, वाढला कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते इथे, अ‍ॅव्होकॅडोच्या मळ्यावर. बाप दुसऱ्या महायुद्धातला बॉम्बर वैमानिक, नंतर पुरता दारूत बुडालेला. पोरगा न्यूयॉर्कला पळाला, व्हिलेज गेट नावाच्या जॅझ क्लबात उष्टी भांडी उचलायला लागला आणि ऑक्टोबर १९६४मध्ये, एकविसावं पूर्ण व्हायच्या आत, सेंट मार्क्स चर्चमधल्या थिएटर जेनेसिसमध्ये त्याच्या दोन एकांकिका झाल्या. पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅजिक थिएटरमध्ये निवासी नाटककार झाला आणि तिथून एकामागून एक 'बरिड चाइल्ड' (१९७८, पुढच्या वर्षी पुलित्झर), 'ट्रू वेस्ट' (१९८०), 'फूल फॉर लव्ह' (१९८३) आली. १९८५च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये 'अ लाय ऑफ द माइंड'.

त्यानंतर काय? 'स्टेट्स ऑफ शॉक' यायला १९९१ उजाडलं. मधल्या सहा वर्षांत नवं मोठं नाटक नाही. त्याच काळात 'बेबी बूम'मध्ये डायन कीटनसमोर देखणा जनावरांचा डॉक्टर, 'स्टील मॅग्नोलियाज'मध्ये डॉली पार्टनचा नवरा. १९८५मध्येच 'न्यूजवीक'च्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा झळकला होता. अमेरिकेला एक रुबाबदार काउबॉय मिळाला आणि रंगभूमीने तिचा त्या पिढीतला सगळ्यात धगधगता लेखक गमावला, असं माझं ठाम मत आहे. नंतरचं एकही नाटक 'बरिड चाइल्ड'च्या पासंगाला पुरत नाही.

तालीमखाना

तारखा तुम्हीच दिल्यात, आता त्याच नीट लावून बघू.

शेपर्ड पहिल्यांदा मोठ्या भूमिकेत कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो टेरेन्स मॅलिकच्या 'डेज ऑफ हेवन' या सिनेमासाठी. त्याचं चित्रीकरण १९७६चं, कॅनडात अल्बर्टामध्ये, प्रदर्शित १९७८ला. म्हणजे तुम्ही ज्या नाटकांसाठी जीव टाकता त्यांपैकी 'बरिड चाइल्ड', 'ट्रू वेस्ट', 'फूल फॉर लव्ह', 'अ लाय ऑफ द माइंड' ही सगळी तो नट झाल्यानंतरची आहेत. सिनेमात जाण्याने नाटककार मरत असेल तर हा माणूस मेल्यावर सर्वोत्तम लिहीत होता असं म्हणावं लागेल.

आणि 'ट्रू वेस्ट' कशाबद्दल आहे? आईच्या घरी बसून पटकथा लिहिणारा ऑस्टिन आणि वाळवंटातून उगवलेला त्याचा चोर भाऊ ली. निर्माता सॉल किमर घरी येतो, ली त्याला गोल्फ खेळायला नेतो आणि बघता बघता ऑस्टिनची कथा बाजूला पडून लीची वेस्टर्न विकली जाते. पुढे लिहिणारा भाऊ चोऱ्या करायला निघतो, चोर भाऊ टाइपरायटरसमोर घाम गाळतो. ऑस्टिन रात्रीत आजूबाजूच्या घरांतून चोरलेले टोस्टर ओट्यावर ओळीने मांडतो, एकेक पुसून चकचकीत करतो, मग सगळ्यांत पाव घालतो. प्रयोगात ते टोस्टर खरोखर चालू असतात, भाजलेल्या पावाचा वास प्रेक्षागृहात पसरतो, आणि शेजारी ली गोल्फच्या काठीने टाइपरायटर ठेचत असतो. हॉलिवूड जवळून पाहिल्याशिवाय हे नाटक लिहिता आलं असतं का?

विंगेतून

तालीमखाना, 'डेज ऑफ हेवन'बद्दल माझी तक्रारच नाही. तो तेव्हा पाहुणा होता. मी बोलतो आहे 'द राइट स्टफ' या सिनेमानंतरच्या शेपर्डबद्दल, म्हणजे १९८३नंतरच्या. वैमानिक चक येगरच्या त्या भूमिकेने त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळवून दिलं आणि तो तारा झाला. नट होणं आणि तारा होणं यांत फरक आहे.

हॉलिवूडची पटकथालेखकांची दुनिया तर त्याला नट होण्याआधीच ठाऊक होती. अँतोनिओनीच्या 'झॅब्रिस्की पॉइंट'च्या लेखनात तो होता, तो सिनेमा १९७०चा. 'ट्रू वेस्ट'चं श्रेय अभिनयाला देऊ नका.

आमचीरंगभूमी

मला या चर्चेत पैसा कुठेच दिसत नाही, म्हणून लिहिते.

शेपर्डला ओबी पुरस्कार, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक ब्रॉडवेबाहेरच्या नाटकांसाठीचे, ढिगाने मिळाले, कारकिर्दीत दहा. त्यावर घरभाडं भागत नाही. ऑफ-ऑफ-ब्रॉडवे म्हणजे चर्चचा हॉल नाहीतर कॉफीहाउसची मागची खोली, तिकिटाऐवजी टोपी फिरवायची. गुगेनहाइमसारख्या पाठ्यवृत्त्यांवर वर्षं काढली त्याने. पुलित्झर मिळालेलं 'बरिड चाइल्ड' ब्रॉडवेवर पोचलं १९९६मध्ये, तब्बल सतरा वर्षांनी. नाटकावर पोट भरत नाही हे तो मुलाखतींत सरळ सांगायचा.

आपल्याकडे प्रायोगिक करणारी मुलं दिवसभर मालिकेच्या सेटवर असतात आणि रात्री नऊला तालमीला येतात. त्यांना 'तू विकला गेलास' म्हणणारे लोक बहुधा स्वतः पगारदार असतात. गिरीश कर्नाडांनी हिंदी, कन्नड, मराठी सिनेमांत आयुष्यभर कामं केली, 'एक था टायगर'पर्यंत. त्या सगळ्या धबडग्यात 'तलेदंड' आणि 'अग्नी मत्तु मळे' लिहिली गेलीच ना? सिनेमाने त्यांना उसंत विकत घेऊन दिली. शेपर्डलाही तीच दिली.

विंगेतून

ताई, पैशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण उसंत मिळाली तर तिचं झालं काय, हाच माझा प्रश्न आहे. कर्नाडांच्या उसंतीतून 'तलेदंड' आलं. शेपर्डच्या त्या सहा वर्षांतून काय आलं?

बासड्रम

इथे नट एका बाजूला आणि लेखक दुसऱ्या बाजूला, असं धरून चाललंय. शेपर्डच्या बाबतीत हे विभाजनच लागू होत नाही असं मला वाटतं.

तो आधी ढोलकऱ्या होता. होली मोडल राउंडर्स या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. पॅटी स्मिथबरोबर १९७१मध्ये 'काउबॉय माउथ' लिहिलं आणि दोघांनीच ते रंगमंचावर केलं. एक प्रयोग झाला आणि शेपर्ड शहर सोडून पसार झाला, कारण स्वतःचंच आयुष्य उघड्यावर करणं त्याला झेपेना. म्हणजे अंगाने सादर करणं त्याच्यात पहिल्यापासून होतं, आणि त्याची भीतीही.

आता 'फूल फॉर लव्ह'ची संहिता काढा. मोहावे वाळवंटाच्या कडेचं एक स्वस्त मोटेल, एक खोली, एडी आणि मे. रंगसूचनांमध्ये लेखक काय मागतो? दाराच्या चौकटीत बास ड्रम लपवा, मायक्रोफोन बसवा, म्हणजे दार आपटलं की अख्खी भिंत घुमली पाहिजे. दोन माणसं प्रेमात एकमेकांना भिंतीवर आपटतायत आणि खोली त्यांना साथ देतेय. हे टेबलावर बसून सुचणारं लेखन नव्हे. ज्याला अंगात ठेका आहे आणि नटाचं शरीर भिंतीला लागलं की काय होतं हे ज्याला कळतं, त्याचं हे लेखन आहे. मॅजिक थिएटरला एड हॅरिस आणि कॅथी बेकरला घेऊन त्याने ते स्वतः बसवलं होतं.

'द राइट स्टफ'मध्येही तो बोलतो किती कमी! विमान कोसळल्यावर जळक्या चेहऱ्याने, पॅराशूट काखोटीला मारून, च्युइंगगम चघळत चालत येतो तेवढ्यात काम झालेलं असतं. (प्रत्यक्षात हा माणूस विमानात बसायला घाबरायचा आणि गाडीने देशभर फिरायचा.) ज्याने आपल्या नाटकांत बापांना असंच न बोलता येणारं लिहिलं, त्याने येगरमध्ये तोच बाप उभा केला. वैमानिक बाप. मला तरी ती भूमिका त्याच्या नाटकांतलंच एक पान वाटते.

विंगेतून

बासड्रम, फार सुंदर लिहिलंत. पण तुमच्याच उदाहरणाचा पुढचा भाग घ्या. १९८५मध्ये रॉबर्ट ऑल्टमनने 'फूल फॉर लव्ह'चा सिनेमा केला आणि एडी स्वतः शेपर्डने केला. भिंतीतला ड्रम गेला, खोलीचं कोंडणं गेलं, राहिला एक देखणा माणूस लासो फिरवताना. ज्याने तो एडी लिहिला त्यालाच कॅमेऱ्यासमोर तो पेलला नाही, कारण कॅमेऱ्याला त्याच्या चेहऱ्याशी मतलब होता.

कणीस

मी वेगळं सांगते. १९८४मध्ये शेपर्डचा बाप न्यू मेक्सिकोत रस्त्यावर गाडीखाली सापडून गेला. १९८५चा अडसर हवा असेल तर मला इथे सापडतो.

'कर्स ऑफ द स्टार्व्हिंग क्लास'पासून 'अ लाय ऑफ द माइंड'पर्यंत प्रत्येक मोठ्या नाटकाच्या मुळाशी तोच बाप आहे. 'बरिड चाइल्ड'मध्ये म्हातारा डॉज सोफ्यावर पडून असतो, उशीखाली व्हिस्कीची बाटली. मोठा मुलगा टिल्डन मागच्या वावरातून कवेत मावतील तेवढी मक्याची कणसं घेऊन येतो. डॉज म्हणतो तिथे वर्षानुवर्षं मका पेरलेलाच नाही. टिल्डन ऐकत नाही, कणसं सोलत बसतो, आणि म्हातारा झोपला की ती सालपटं एकेक करून त्याच्या अंगावर पसरतो. जिवंत बापाला पुरतोय की पांघरूण घालतोय, कळत नाही. 'अ लाय ऑफ द माइंड'मध्ये मेलेल्या बापाच्या अस्थी पेटीत घरी येतात. ते नाटक बापाच्या मृत्यूनंतरचं आहे, लक्षात घ्या. ज्याच्याशी भांडत वीस वर्षं लिहिलं तो समोरून गेला. त्यानंतर लेखक थबकला तर जाब सिनेमाला कशाला विचारायचा?

दोन_अंकी

मला शेपर्डबद्दल एवढी हळहळ वाटत नाही. त्याच्या नाटकांतल्या बायका बघा. 'ट्रू वेस्ट'मधली आई शेवटी अलास्काहून परत येते, मुलं एकमेकांच्या गळ्याला लागलेली असतात आणि ती मेलेल्या कुंड्यांची चौकशी करते. लेखकाला त्या बाईचं काय करायचं हे ठाऊकच नाही. दोन पुरुष आणि एक बाप यापलीकडे हा लेखक जातच नव्हता. सिनेमात गेला नसता तरी आटलाच असता.

कणीस

दोन_अंकी, 'अ लाय ऑफ द माइंड'मधली बेथ वाचा आणि मग बोला. नवऱ्याच्या मारहाणीने मेंदूला इजा झालेली बाई, वाक्य जुळवताना शब्द सांडणारी. त्या मोडक्या वाक्यांतून ती घरातल्या एकूणएक पुरुषाला ओळखते. शेपर्डने तिला दिलेली भाषा त्याने आधी कुणालाच दिली नव्हती.

तालीमखाना

विंगेतून, 'सहा वर्षांतून काय आलं' या तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे: नाटक हेच लेखन. त्याच्या पटकथेवरचा सिनेमा 'पॅरिस, टेक्सास' १९८४ला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. त्यातला ट्रॅव्हिस एकतर्फी काचेपलीकडे बसलेल्या जेनला फोनवरून त्यांच्याच लग्नाची गोष्ट परक्याची म्हणून सांगतो, तो लांबलचक संवाद शेपर्डने 'कंट्री'च्या चित्रीकरणावर असताना दिग्दर्शक व्हिम वेंडर्सला फोनवरून सांगून लिहवला. नट म्हणून कामावर असतानाच. 'मोटेल क्रॉनिकल्स' या पुस्तकातले तुकडेही असेच मोटेलांतून, चित्रीकरणांच्या गावांतून लिहिलेले. तो रस्त्यावर लिहिणारा माणूस होता.

विंगेतून

'पॅरिस, टेक्सास'समोर मी नतमस्तक आहे. पण तोही १९८४चा, माझ्या १९८५च्या रेषेच्या अलीकडचा.

कणीस यांचा मुद्दा सगळ्यात जड आहे. तरी तो पुरा पडत नाही असं मला वाटतं, कारण बाप गेल्यावरही बाप सुटलेला नव्हता. २०००मध्ये 'द लेट हेन्री मॉस'मध्ये पुन्हा तोच दारुडा बाप, पुन्हा दोन भाऊ, पुन्हा न्यू मेक्सिको. विषय आटला नव्हता. गेलं ते घर. मॅजिक थिएटरमध्ये त्याला ठरलेली जागा होती, ओळखीचे नट होते, रॉबर्ट वुड्रफसारखा दिग्दर्शक होता, आणि लिहिलेलं पान लगेच कुणाच्या तरी तोंडी पडत होतं. 'ट्रू वेस्ट' १९८०च्या अखेरीस न्यूयॉर्कला पब्लिक थिएटरमध्ये गेलं तर शेपर्डने तो प्रयोग आपला मानायला नकार दिला. दोन वर्षांनी शिकागोच्या स्टेपनवुल्फमध्ये गॅरी सिनीझ आणि जॉन माल्कोविचने, एकत्र वाढलेल्या कंपनीतल्या दोन नटांनी, तेच नाटक जिवंत केलं. ही नाटकं कंपनीत जगतात. सिनेमाने शेपर्डची प्रतिभा नाही नेली, पण त्याचा पत्ता नेला. चित्रीकरणाच्या वेळापत्रकावर जगणारा माणूस कुठल्याच कंपनीचा राहत नाही.

बासड्रम

मग २००७चं 'किकिंग अ डेड हॉर्स' कुठे बसवाल? ते त्याने डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरसाठी, स्टीफन रे या एका नटाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आणि स्वतः बसवलं. रंगमंचावर पूर्ण आकाराचा मेलेला घोडा, त्याला खड्ड्यात ढकलू पाहणारा एकटा माणूस, आणि घोडा काही खड्ड्यात मावत नाही. त्याने साठी ओलांडल्यावर परदेशात घर शोधलं. अमेरिकन समीक्षकांना ते फारसं रुचलं नाही, म्हणून ते नाटकच नव्हे असं नाही ना?

आमचीरंगभूमी

आणि शेवटची वर्षं. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने हात गेले तेव्हा 'स्पाय ऑफ द फर्स्ट पर्सन' त्याने आधी टेपवर, मग घरच्यांना सांगून लिहवून पूर्ण केलं. पॅटी स्मिथने संपादनाला हातभार लावला. जुलै २०१७मध्ये केंटकीतल्या घरी तो गेला, पुस्तक डिसेंबरात आलं. सिनेमाने गिळलेला माणूस मरताना असा लिहीत नाही.

विंगेतून

ताई, शेवटपर्यंत लिहीत होता यावर माझा वादच नाही. पण ते पुस्तक कादंबरी आहे, एकट्याने एकट्यासाठी वाचायची. १९७८ला हाच माणूस कणसांचा ढीग आणून नटांच्या पायाशी ओतत होता. बासड्रम, 'डेड हॉर्स' मी फक्त वाचलंय. स्टीफन रेला त्यात पाहिलेलं कुणी इथे असेल तर घोड्याच्या प्रसंगाबद्दल सविस्तर लिहा, विशेषतः प्रेक्षक कुठे हसत होते ते.