बीएस-६ डिझेल आलं, मग जळगावची हवा का नाही बदलली?

तापीकाठ
१ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक निकष, आले. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर, गाड्या महागल्या, वर धूर साफ करायला गाडीत ओतायचे युरियाचे डबे. आणि जळगाव? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांत. अजिंठा चौफुलीवर दहा मिनिटं थांबा, पांढऱ्या रुमालानं तोंड पुसा आणि रुमाल बघा. खर्च आपला झाला, हवा होती तीच.

केळीची_गाडी (सावदा)
भाऊ, रुमालावर येते ती बहुतेक रस्त्याची माती. छातीत खोल जाते ती काजळी इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या दोन गाड्या, एक २०१८ची, एक २०२१ची. दोन्ही दिल्लीला केळी नेतात. जुनीच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवा, डोळ्यांत घालण्याइतकं काजळ निघेल. नवीत फिरवा, बोट कोरडं. म्हणे फरक नाही!

चहा_धुळे
मातीचं खरं. पण डीपीएफचं, म्हणजे नव्या गाडीतल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, कौतुक आम्हाला नका सांगू. माझी गाडी घर ते दुकान, चार किलोमीटर. तेवढ्यात फिल्टर तापत नाही, काजळी जळत नाही, दिवा लागतो. गॅरेजवाला म्हणतो, "हायवेला अर्धा तास ताणा." म्हणजे हवा स्वच्छ राहावी म्हणून मी दर रविवारी सोनगीरपर्यंत डिझेल जाळत जायचं!

केळीची_गाडी (सावदा)
चार किलोमीटरला डिझेल गाडी घ्या असं सांगितलं कोणी?

गिरणा_मास्तर
भांडा, पण गंधकाचं समजून घ्या. ते कमी करणं हे औषध नाही, पथ्य आहे. गंधक जास्त असलं की धूर साफ करणारी यंत्रणाच निकामी होते, म्हणून आधी तेल सुधारलं. डिझेल कारला काजळीची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आणता आली ती त्यामुळे. पण जुन्या कालीपिलीत नवं डिझेल ओतलं म्हणून ती बीएस-६ होत नाही. ट्रॅक्टरला तर बीएस-६ लागूच नाही, त्यांचे निकष वेगळे.

तापीकाठ
मास्तर, तेच म्हणतोय मी! दीपनगरच्या वीज केंद्राची राख, शेतात पेटवलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं), ट्रॅक्टर, हे सगळं सोडून नवी गाडी घेणाऱ्याचाच खिसा का कापायचा? रुमालाचं मागे घेतो. खर्चाचं नाही.

चहा_धुळे
आणि सावदेकर, ती २०१८ची अजून का चालवता?

केळीची_गाडी (सावदा)
विकायला गेलो होतो. भाव ऐकला, परत येऊन केळी भरली.