मदत हवी आहे: बॅटरीचा इलेक्ट्रोड चार्ज केल्यावर एक्सआरडीत (क्ष-किरणांनी रचना तपासताना) एका पीकचे (आलेखातल्या शिखराचे) दोन का होतात?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करतोय. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे (मोबाइलच्या बॅटरीतला जुना ओळखीचा कॅथोड) कॉइन सेल (बटणाएवढ्या बॅटऱ्या) वेगवेगळ्या व्होल्टेजला थांबवायचे, उघडायचे आणि इलेक्ट्रोडची एक्सआरडी काढायची, एवढंच काम.

कोऱ्या इलेक्ट्रोडचा 003 पीक (थरांमधलं अंतर दाखवणारा) 18.9 अंशांवर येतो. चार्ज करत गेलं की तो डावीकडे सरकतो, म्हणजे थरांमधलं अंतर वाढतं. आधी डोकं चक्रावलं, मधला टेकू काढल्यावर थर जवळ यायला नकोत का? पण लिथियम आयन निघून गेला की समोरासमोरचे ऑक्सिजनचे थर एकमेकांना ढकलतात, हे आता पटलंय. साधारण निम्मं लिथियम निघेपर्यंत हे ताणणं चालतं, बरंच पुढे गेलं की थर उलट जवळ येतात.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. 3.92 व्होल्टला थांबवलेल्या सेलमध्ये 18.9 आणि 18.7 असे दोन पीक दिसतात. सर म्हणतात स्लरी (फॉइलवर पसरायचा इलेक्ट्रोडचा लेप) नीट पसरली नाही, अर्धा इलेक्ट्रोड चार्जच झालेला नाही. पण व्होल्टेजची रेघही नेमकी तिथंच सपाट आहे! सेल ग्लोव्हबॉक्समध्येच (हवाबंद पेटीत) उघडतो, हवा लागू नये म्हणून वर कॅप्टॉन टेप लावतो (इथल्या जुलैत उघडा ठेवायची सोयच नाही). कुणाचं बरोबर?

प्रतिसाद १

भावा, तुझा संशय रास्त आहे. लिथियम (एका कोबाल्टमागे) 0.94 वरून 0.75 पर्यंत उतरताना दोन फेज (एकाच पदार्थाची दोन रूपं) शेजारी नांदतात. रचना दोन्हींची षट्कोनीच, पण कमी लिथियमवाली धातूसारखी वीज वाहते, दुसरी नाही. दोन्ही सोबत आहेत तोवर व्होल्टेज बदलत नाही, म्हणून रेघ सपाट.

तरी सरांपुढे पुरावा घेऊन जा. तसाच दुसरा सेल 4.1 व्होल्टपर्यंत ने, सी/20 ने (पूर्ण चार्जला वीस तास लागतील इतक्या कमी करंटने), घाई नको. 18.9 चा पीक गेला तर तू बरोबर. तिथंही राहिला तर सर बरोबर, त्या कणांपर्यंत वीज नेणाऱ्या कार्बनची वाट पोचलेली नाही. आणि आधी ॲल्युमिनियम फॉइलचा 44.7 चा पीक बघ. तोही सरकला असेल तर नमुनाच वरखाली बसलाय.

धागाकर्ता

फॉइलचा पीक जागेवर आहे. 4.1 चा सेल आज रात्री लावतो. थांबवल्यावर लगेच उघडायचा का?

प्रतिसाद १

नको. व्होल्टेज तिथंच धरून करंट अगदी खाली येऊ दे, मग उघड.