परसातल्या कोंबड्यांना खाऊ: काय द्यावा, किती द्यावा?

मागीलदार:
नमस्कार. आम्ही देवरुखजवळ राहतो. परड्यात नऊ कोंबड्या आहेत, पाच आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड, जास्त अंडी देणारी जात) आणि चार गावठी. पूर्वी दिवसभर मोकळ्या हिंडायच्या. श्रावणात मुंगसाने आठवड्याभरात तीन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) नेल्या, तेव्हापासून जाळीच्या आत ठेवल्यात. दहा बाय पंधरा फुटांची जागा आहे. लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार) खाद्य घालते, पाणी दोनदा बदलते.

आतल्या आत त्या कंटाळतात, ते मला बघवत नाही. जाळीपाशी गेले की सगळ्या धावत येतात, त्यामुळे रिकाम्या हाताने जाववत नाही. सासूबाई सकाळी रात्रीचा भात घालतात, दोन मोठे वाडगे. मुलं शाळेतून आली की शेव, बिस्किटं, पाव टाकतात. गेल्या महिनाभरात आरआयआरची अंडी रोजच्या चारावरून दोनवर आली. कवच इतकं पातळ की उचलताना बोट आत जातं. काल तर एक अंडं नुसतं पापुद्र्यातलंच मिळालं.

सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी भातावरच वाढायच्या." त्यांचं खोटं नाही, लग्न होऊन आले तेव्हा मीही पाहिलंय. मग चुकतंय कुठे? खाऊ मला बंद करायचा नाही, चांगला द्यायचाय.

निवृत्त पशुवैद्यक:
ताई, सासूबाईंचं बरोबर आहे, पण त्या कोंबड्या भातावर जगत नव्हत्या. भात खाऊन दिवसभर गांडुळं, किडे, कोवळं गवत उकरून खात होत्या. शिवाय गावठी कोंबडी वर्षाला 60-70 अंडी घालणार. आरआयआर त्याच्या कितीतरी पट घालते, आणि तुमच्याकडे तिला उकरायला काही उरलेलं नाही.

कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. लेअरच्या खाद्यात 16-17 टक्के प्रथिनं असतात, तांदळात सातच्या आसपास, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. एका अंड्याच्या कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागतं. सकाळी सकाळी भाताने पोट भरलं की ती खाद्याकडे बघत नाही. मग कवचासाठी आधी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढते आणि पुढे कवचच पातळ होतं.

म्हणून दाणे, भात वगैरे खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शात बसवा. नऊ कोंबड्यांना मिळून एक वाटी, तीही दुपारनंतर, आधी खाद्य खाऊन झाल्यावर. पालेभाजीत पाणीच जास्त, तिथे हात थोडा सैल सोडलात तरी चालेल. शेव, फरसाण, लोणच्याचा खार पूर्ण बंद करा. मिठाने तहान वाढते, विष्ठा पातळ होते. मुलांना रागावू नका, त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्या.

किनारा:
तुमच्याकडे तिसऱ्या (शिंपल्यातली मासळी) येत असतीलच. शिंपा टाकू नका, कॅल्शियम त्यातच असतं. धुवा, चुलीतल्या निखाऱ्यावर भाजा, वरवंट्याने फोडा. अगदी पीठ नको, मसूरडाळीएवढे तुकडे राहू देत, ते पोटात सावकाश विरघळतात. कवच बरंचसं रात्री तयार होतं, म्हणून मी संध्याकाळी ठेवतो. खाद्यात मिसळत नाही, वेगळ्या करवंटीत ठेवतो. जिला हवं ती खाते. पिल्लं आणि कोंबडे यांना जास्तीच्या कॅल्शियमची गरज नसते, पिल्लांच्या तर मूत्रपिंडाला त्रास होतो.

पिसं झडण्याच्या दिवसांत थोडा जवळा देतो. आधी चाखून बघा, खारट लागला तर नको. आणि फार देऊ नका, अंड्याला वास मारतो.

माणदेशी:
कंटाळ्याचं बोलायचं तर कोबीचा गड्डा किंवा मेथीची जुडी सुतळीने जाळीला टांगा, मान वर करून चोच पोचेल इतपत. दोन तास त्यातच जातात. आमच्याकडे शेवग्याचा पाला असतो, फांदीच बांधतो, त्याने बलक छान पिवळाधमक होतो. लाल भोपळा मधोमध चिरून ठेवला की बियांसकट फस्त.

वाळवीसारखा खाऊ नाही. जुन्या मडक्यात ओलसर शेण आणि पाचट भरून संध्याकाळी वारुळाशी पालथं घालायचं. सकाळी मडकं खुराड्यात नेऊन झटकायचं. आमचे आजोबा पिल्लांसाठी हेच करायचे. फक्त तिथे वाळवीचं औषध मारलेलं नसावं.

मागीलदार:
सगळ्यांचे मनापासून आभार. भात आजपासून कमी. डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. माळ्यावर कडवे वाल आहेत, आणि मक्याला पावसात थोडी बुरशी लागलीय. धुऊन, उकडून घातला तर?

निवृत्त पशुवैद्यक:
मका अजिबात नको. बुरशीचं विष धुऊन किंवा शिजवून जात नाही, यकृतावर जातं. गुरांनाही घालू नका, खड्ड्यात पुरा. शेंगदाण्याची पेंडही पावसाळ्यात हुंगून घेत जा. वाल कच्चे नकोत, पूर्ण शिजवून मूठभर चालतील. बटाट्याची हिरवी सालं आणि चहाचा चोथाही टाळा.

आणि कोवळी अंडी केवळ खाऊमुळेच पडतात असं समजून बसू नका. तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर कोंबडी दाखवा.

मागीलदार:
तीन आठवडे झाले म्हणून कळवते. अंडी पुन्हा चारवर आलीत आणि कवच टणक लागतंय. मका पुरला. शिंपा सासूबाईच फोडतात, आता भाजी निवडताना कोथिंबिरीचे देठ आणि मुळ्याचा पाला वेगळा काढून ठेवतात. धाकट्याने कलिंगडाची सालं टांगायचं काम घेतलंय, रोज शाळेतून आल्यावर आधी तिकडे.

एक आरआयआर मात्र अजून मऊ अंडी घालते आणि पंख पाडून बसते. तिला वेगळं ठेवलंय, सोमवारी दवाखान्यात नेते आहे.