भाच्याने लाइटवेट रोइंगमध्ये राहावं का? मदत हवी आहे

मंडळी, रोइंग कळणाऱ्यांनी जरा सांगा. भाचा 19 वर्षांचा, उंची सहा फूट, वजन 75 किलो. कोच म्हणतात लाइटवेटलाच, म्हणजे कमी वजनाच्या गटातच उतर. म्हणजे 72.5 किलोच्या आत, आणि डबल स्कल्स (दोघांची होडी, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही) असेल तर दोघांची सरासरी 70! वजन शर्यतीच्या एक-दोन तास आधी होतं, म्हणून मागच्या वेळी पठ्ठ्या पहाटे दोन स्वेटर चढवून धावत होता. काट्यावर पास झाला, पण शेवटच्या 500 मीटरला हातातलं वल्हंच उचलेना.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंगने याच प्रकारात रौप्य आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. पण पॅरिस 2024 नंतर ऑलिंपिकमधून लाइटवेट गेलंच. 2028 ला त्याऐवजी बीच स्प्रिंट आहे, म्हणजे किनाऱ्यावरून पळत जाऊन समुद्रात होडी वल्हवायची छोटी शर्यत. मग उपाशी मरायचं कशाला? आपला रोइंगपटू दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकला ओपन (वजनाची अट नसलेल्या) सिंगल स्कल्समध्येच, म्हणजे एकट्याच्या होडीतच होता की.

आत्ताच ओपनकडे वळलेलं बरं का? आणि तोवर, वजन झाल्यावर तासाभरात पोटात काय घालावं? ताई म्हणते भाताची पेज, कोच म्हणतात केळं. स्वतः वजन उतरवून वल्हवलेलं कुणी आहे का इथे?