ठराव १३२५ वाचला, पण वादस्पर्धेत बोलू काय?

आरमोरीची_पोर

एम.ए. राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. पुढच्या शनिवारी वादस्पर्धा आहे. विषय: ‘शांतता आणि सुरक्षा धोरणात महिलांचा सहभाग हा निव्वळ देखावा आहे’. माझ्या वाट्याला विरोधी बाजू आली, म्हणजे देखावा नाही हे पटवायचंय. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा महिला, शांतता आणि सुरक्षा या विषयावरचा ठराव १३२५ (३१ ऑक्टोबर २०००) वाचून काढला. अठरा कलमं संपली तरी हाताला काही लागेना, सगळीकडे नुसतं ‘आवाहन करते’, ‘आग्रह धरते’. आमचा जिल्हा गडचिरोली. दोन बंदुकांच्या मधे गाव कसं जगतं ते मला कुणी शिकवायला नको. म्हणून विचारते, महिला संघटनांनी रेटा लावला आणि खरंच काही हललं, असं कुठे झालंय का? आणि हा ठराव देशात कसा राबवायचा याचा राष्ट्रीय कृती आराखडा भारताने का केला नाही?

सडेतोड_सोलापूर

बाजू बदलून मिळते का बघ. २०१५ मध्ये केंद्र सरकार आणि एनएससीएन (आयएम) ही नागा बंडखोर संघटना यांच्यात शांततेसाठीचा नागा चौकट करार झाला. सह्या कुणाच्या? केंद्रातर्फे आर. एन. रवी आणि संघटनेतर्फे तिचे नेते थुइंगालेंग मुइवा, दोघंही पुरुष. ठरावाला तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती. संपला विषय.

दिमापूरची_काकू

सोलापूरकर, सह्यांचं खरं आहे. पण विषय तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो.

माझे यजमान फौजेत. नव्वदच्या दशकात चार वर्षं आम्ही नागालँडमध्ये दिमापूरजवळ रंगापहारच्या लष्करी तळावर होतो आणि मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळ झाली की बाजाराची शटरं खाली. सरकारी दलं विरुद्ध बंडखोर एवढंच नव्हतं, बंडखोरांचे गट आपसातही एकमेकांना मारत होते. आमच्या वर्गात एक बाक रिकामा राहिला की मुलं कारण विचारायची नाहीत. त्याच सुमारास नागा मदर्स असोसिएशनने (स्थापना १९८४) ‘आता रक्त सांडू नका’ ही मोहीम काढली. शाळेतली एक सहशिक्षिका त्यात जायची. ती मला म्हणाली, ‘आम्ही दोन्हीकडे जातो. मेलेला कुणाचा ते विचारत नाही.’ मी तेव्हा मनात म्हटलं, याने काय होणार. चुकले.

तांगखुल या नागा जमातीत पुकरेइला म्हणून एक जुना मान आहे. दोन गावांत भाले निघाले की जिचं माहेर एका गावात आणि सासर दुसऱ्या गावात ती मधे जाऊन उभी राहायची, आणि तिच्यावर कुणी हात उचलायचा नाही. हे ऐकलं तेव्हा मला माझी आजीच आठवली. भावकीच्या बांधाच्या भांडणात तीही अशीच मधे पडायची! तर नागा बायांना शांततेसाठी मधे पडणं नवं नव्हतं. पण नीट ऐक, आई म्हणून मधे पडलेली चालते. सभासद म्हणून खुर्ची मागितली की चालत नाही.

पुरावा हवा? नगरपालिकांत ३३ टक्के जागांसाठी तिथल्या बायका कोर्टात गेल्या. २०१७ च्या सुरुवातीला निवडणुका घ्यायचं ठरलं तर या आरक्षणाला एवढा विरोध झाला की दिमापुरात गोळीबारात माणसं मेली, कोहिमात सरकारी इमारती जाळल्या, मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. निवडणूक बारगळली. ती झाली जून २०२४ मध्ये, आधीच्या २००४ च्या निवडणुकीनंतर वीस वर्षांनी, ३३ टक्के आरक्षणासह. नागालँड विधानसभेत पहिल्या दोन महिला आमदार पोचल्या तेही २०२३ मध्येच.

१३२५ मागेही बायकांचा रेटाच होता. तो परिषदेच्या मनात आपोआप आला नाही. २००० साली पाच-सहा संघटनांनी गट केला. विमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडम (ही तर १९१५ पासूनची), ॲम्नेस्टी, इंटरनॅशनल अलर्ट वगैरे. मसुद्याचे शब्द घेऊन त्या देशोदेशींच्या प्रतिनिधींचे उंबरे झिजवत राहिल्या. ऑक्टोबरात परिषदेचं अध्यक्षपद नामिबियाकडे होतं, तो महिना त्यांनी साधला. परिषदेतल्या या विषयावरच्या खुल्या चर्चेच्या आदल्या दिवशी सिएरा लिओन, ग्वाटेमाला, सोमालिया अशा ठिकाणच्या बायकांना परिषदेच्या सदस्यांसमोर बसवलं.

भारताचं म्हणशील तर सरकारची भूमिका अशी की आपल्याकडे ‘सशस्त्र संघर्ष’ नाहीच, मग आराखडा कशाला? नेपाळने २०११ मध्ये केला.

निवृत्त_राखीव_दल

काकूंनी लायबेरिया सोडला म्हणून लिहितो. २००३ मध्ये तिथलं यादवी युद्ध थांबवायच्या वाटाघाटी घानात, अक्रा इथे रखडल्या होत्या. लायबेरियाच्या शांतता कार्यकर्त्या लेमा बोवींच्या नेतृत्वाखाली बाया सभागृहाच्या दारातच बसल्या, सही होईपर्यंत आत गेलेल्यांना बाहेर सोडणार नाही म्हणून. अटक करायला सुरक्षारक्षक आले तेव्हा बोवी अंगावरचे कपडे काढायला लागल्या. आईने असं करणं म्हणजे तिकडे मोठा शाप. रक्षक मागे सरले. १८ ऑगस्टला करार झाला. २०११ चं शांततेचं नोबेल बोवींना एलेन जॉन्सन सर्लीफ आणि तवक्कुल करमान यांच्यासोबत मिळालं.

लायबेरियातच २००७ मध्ये आमच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिला तुकडी गेली, शंभराहून जास्त मुली. पूर्ण महिलांची अशी पोलीस तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत तोवर गेली नव्हती. तुकड्या बदलत २०१६ पर्यंत काम चाललं. बाहेर मुली पाठवायला आपली तयारी असते, त्याचा फोटोही छान येतो. काकू म्हणतात ती अडचण घरच्या, वाटाघाटींच्या टेबलाची आहे.

सडेतोड_सोलापूर

नगरपालिकेचं मला माहीत नव्हतं. पण २०१५ च्या सह्या दोघांच्याच, हे मी सोडणार नाही.

दिमापूरची_काकू

सोडू नका. @आरमोरीची_पोर, तू हाच मुद्दा आधी स्वतः मांड, समोरच्याने काढायची वाट बघू नकोस. मग विचार की २००४ नंतरची नगरपालिका निवडणूक २०२४ पर्यंत का लांबली. निव्वळ देखावा असता तर तो अडवायला कुणी सरकारी इमारती जाळल्या असत्या का?

आरमोरीची_पोर

काकू, हे शेवटचं वाक्य जसंच्या तसं घेते. पाच मिनिटंच आहेत, अक्रा आणि कोहिमा एवढंच ठेवते. पुकरेइला नीट उच्चारायचं कसं तेवढं सांगाल का?