मदत हवी आहे: गार इंजिन मिसफायर, कूलंटही उतरतोय

नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडी, ११९७ सीसी, चार सिलिंडर, रनिंग ८५ हजार किमी. सकाळी स्टार्ट केली की मिनिटभर इंजिन थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. गरम झालं की सुरळीत. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर (इंधन नीट पेटत नाही). त्याची कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) तीन नंबरला लावली तरी कोड दोनवरच, म्हणजे दोष कॉइलचा नाही. प्लग नवे आहेत. धास्ती वेगळीच आहे: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) हळूहळू कमी होतोय आणि बाहेर गळती कुठेच नाही. दोन नंबरचा प्लग काढला तर टोक ओलसर, पण पेट्रोलचा वास नाही, म्हणजे कूलंटच आत झिरपतोय की काय?

गॅरेजवाले थेट हेड (सिलिंडरवरचा इंजिनचा भाग) उतरवा म्हणतात. त्याआधी कूलिंगची प्रेशर टेस्ट आणि लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून सुटते ते पाहणं) केली तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेल्याची खात्री पटेल का? आईला डायलिसिसला याच गाडीने नेतो, तोवर चालवावी का?