चेअरलिफ्टवरच्या बोलण्याला काय म्हणाल?

एक शब्द हवा आहे. मी कोलोरॅडोत असते. एप्रिल-मेमध्ये एकटीच आरापाहो बेसिनला स्कीइंगला जाते. तिथला पायथाच १०,००० फुटांच्या वर, त्यामुळे हंगाम बहुधा जूनपर्यंत चालतो. डोंगरावर चेअरलिफ्टने, म्हणजे तारेला टांगलेल्या फिरत्या खुर्च्यांतून जातात. तिथे एकट्यादुकट्यांची रांग वेगळी असते. चौघांच्या खुर्चीत तिघंच असले की त्या रांगेतल्या एकाला त्यांच्याबरोबर बसवतात. मग वर पोचेपर्यंत शेजारच्याशी बोलणं होतं. मराठीत सांगताना ‘गप्पा मारल्या’ म्हटलं की मलाच खटकतं. नाव माहीत नाही, चेहरा गॉगलआड, आणि उतरल्यावर तो त्या वाटेने, मी या वाटेने.

— ‘शिळोप्याच्या गप्पा’ म्हणा की. नाहीतर आमच्या मालवणीतल्या गजाली.

— शिळोप्याला फुरसत लागते. आणि गजाली रंगायला दोघांच्याही ओळखीचा एखादा गैरहजर माणूस लागतो, तो तिथे कुठून आणणार? ‘हवापाण्याच्या गप्पा’ बरं.

— हवापाणी म्हणजे आपल्याकडे बोलायला काही नसलं की काढायचा विषय. इथे वसंतात तोच मुख्य विषय असतो! दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं होत होत बर्फाचे दाणे मोठे होतात. सकाळी तो टणक, स्कीची कडसुद्धा धरत नाही. मग ऊन चढलं की वरचा थर सुटतो. त्या तास-दोन तासांच्या बर्फाला मी ‘रवाळ’ म्हणते, तुपासारखा. दुपारी पाणचट आणि जड, गुडघ्यांची वाट लागते. पूर्वेचे उतार आधी सुटतात, पश्चिमेचे उशिरा. म्हणून “वरचं सुटलंय का?” हा प्रश्न अगदी गरजेपोटी विचारलेला असतो. एका आजोबांनी मला “आत्ता तिकडे नको, अर्ध्या तासाने जा” असं सांगितलं आणि पुढे स्वतःहून बायकोच्या आजारपणाबद्दल बोलत राहिले. समोर बघत. दोघंही समोरच बघत असतो, त्यामुळे सोपं जात असावं.

— मग ‘बोलणं निघालं’ म्हणा. लोकलमध्ये “कुठे उतरणार?” हे सीटसाठी विचारतात, पण त्यावरून पुढे बोलणं निघतं. तुम्ही काढलं नाही, त्यांनी काढलं नाही, आपसूक निघालं.

— हे पटलं. शेजारी कानात इअरफोन घालून बसला, तर ‘बोलणं निघालंच नाही’ हेही सरळ सांगता येतं. ‘गप्पा झाल्या’ म्हटलं की आई लगेच विचारणार: कोणाशी, कुठला, काय करतो?

— अवांतर: पहिली चेअरलिफ्ट १९३६ची, आयडाहोतल्या सन व्हॅलीची. युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनिअर जेम्स करन यांना ती जहाजावर केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली. खुर्ची एकाच माणसाची होती. व्हरमाँटमधल्या मॅड रिव्हर ग्लेनला तसली एकेरी लिफ्ट अजून चालू आहे.

— म्हणजे तिथे बोलणं निघायची सोयच नाही. तसं आमच्याकडेही नव्या लिफ्टने ते तोकडं केलंय. जुन्या लिफ्ट सेकंदाला जेमतेम अडीच मीटर जायच्या, नव्या पाच. आजोबांची लिफ्ट जुनी होती.